डॅन्यूबकाठचा जमाखर्च

सॅक पाठीला लावून युरोपात फिरणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीतच धरलेली असते : व्हिएन्ना महाग, बुडापेस्ट स्वस्त. दोन्ही शहरं डॅन्यूबच्या काठावर, मध्ये अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने पावणेतीन तासांचं. १८६७ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ती एकाच साम्राज्याच्या दोन राजधान्या होती. त्यामुळे बहुतेक जण दोन्ही एका दमात करतात आणि खर्चाच्या धास्तीने व्हिएन्ना दोन दिवसांत उरकून मुक्काम बुडापेस्टला हलवतात. निघण्याआधी मलाही भेटेल तो हेच सांगत होता. २०२४ च्या उत्तरार्धात दोन्हीकडे राहिले, रोजचा खर्च रात्री झोपण्याआधी वहीत मांडला, आणि माझं मत असं झालं की हा सल्ला एका पलंगापुरता खरा आहे. पलंग सोडून बाकीच्या खर्चाचा हिशेब जरा निराळा आहे.

तेव्हा युरो ९२ रुपयांच्या आसपास होता आणि एका युरोला साधारण चारशे फोरिंट मिळत होते. म्हणजे शंभर फोरिंटचे तेवीस रुपये. पुढचे सगळे आकडे याच भावाने केलेले आहेत.

शहरांकडे वळण्याआधी भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक खर्च मांडलाच पाहिजे, तो म्हणजे व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० झाली. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, आणि माझ्यासाठी नाशिकहून मुंबईची खेप. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर आधी जिथे उतरणार तिथे. विमा सोडला तर हे पैसे आणि विमानाचं भाडं चार दिवस राहा की पंधरा, तेवढंच पडतं. म्हणूनच ‘महाग शहर लवकर उरका’ हा युरोपातल्या पोरांना सोयीचा असलेला मंत्र आपल्याला तसाच लागू पडत नाही. ती पोरं पुढच्या सुट्टीत पुन्हा येतात. आपण पुन्हा कधी जाऊ, ते सांगता येत नाही.

आता पलंग. व्हिएन्नात वेस्टबानहोफ स्टेशनाच्या मागच्या गल्लीत महिलांच्या डॉर्ममध्ये मला रात्रीचे २९ युरो पडले, म्हणजे जवळपास २७०० रुपये. मिश्र डॉर्म दोन-तीन युरोंनी स्वस्त होता. एकटीने फिरताना तेवढे पैसे मी आनंदाने देते आणि कुणी विचारलं तर द्यायलाच सांगते. बुडापेस्टला सातव्या जिल्ह्यात तसाच पलंग, तसाच लॉकर, तशीच पलंगाला लटकणारी दिवटी ५,८०० फोरिंटमध्ये मिळाली. साडेतेराशे रुपये. शुक्रवार-शनिवारी दोन्हीकडचे भाव चढतात; बुडापेस्टचे जास्त, कारण शनिवार-रविवार बिअर प्यायला येणाऱ्या टोळ्या तिकडे उतरतात. तेव्हा व्हिएन्ना खोलीच्या भाड्यावर ३.२ टक्के स्थानिक कर घेत होती, बुडापेस्ट ४ टक्के. पलंगाच्या बाबतीत बुडापेस्ट सरळसरळ निम्म्यात. इथे वाद नाही.

वाद सुरू होतो तो ट्रामच्या थांब्यावर. व्हिएन्नात तेव्हा एका फेरीचं तिकीट होतं २.४० युरो, बुडापेस्टमध्ये ४५० फोरिंट. रुपयांत २२० आणि १०४. बघता क्षणी बुडापेस्ट निम्म्याहून स्वस्त. पण व्हिएन्नाचं तिकीट एकदा पंच केलं की त्याच दिशेने जाताना मेट्रोतून ट्राममध्ये, ट्राममधून बसमध्ये कितीही वेळा बदल करता येतो. बुडापेस्टचं साधं तिकीट एका वाहनापुरतं असतं. मेट्रोतून मेट्रोत गेलात तर चालतं. मेट्रोतून उतरून ट्राममध्ये चढलात की दुसरं तिकीट. केलेती स्टेशनाहून बुडाच्या टेकडीकडे निघालेल्या माणसाला बहुधा दोन तिकिटं लागतातच, आणि दोन तिकिटांचे झाले २०८ रुपये. तिकडे ठरावीक मिनिटं चालणारी वेगळी तिकिटंही आहेत, ती अशा वेळी परवडतात. पण नवख्या माणसाला मशीनवर पहिलं दिसतं ते साधंच. मेट्रोच्या तोंडाशी तपासनीस उभे असतात आणि त्यांना सबबी चालत नाहीत.

बहात्तर तासांचा पास व्हिएन्नात १७.१० युरो, बुडापेस्टमध्ये ५,५०० फोरिंट. सुमारे १५७० आणि १२६५ रुपये. तीन दिवसांत फरक तीनशे रुपयांचा! आणि व्हिएन्नात आणखी एक गंमत होती : सोमवार ते पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत चालणारा आठवड्याचा पासही त्याच १७.१० युरोंना. मंगळवारी उतरणाऱ्याला त्याचा पुरता फायदा नाही, पण सोमवारी सकाळी उतरणाऱ्याला जवळपास आठवडाभर शहर मोकळं. दिवसाला सव्वादोनशे रुपये पडत. पॅरिस-लंडनच्या मानाने हे किती कमी आहे, ते तिथे फिरलेल्यांना सांगायला नको.

हे असंच झालेलं नाही. २०१२ साली व्हिएन्नाने वर्षाचा पास ३६५ युरोंवर आणला, दिवसाला एक युरो. उद्देश साधा होता, लोकांनी गाडी घरी ठेवावी. तो आकडा २०२५ च्या शेवटापर्यंत टिकला. २०२६ पासून पास आणि इतर तिकिटंही महाग झाली आहेत, तेव्हा जाणाऱ्याने ताजे दर बघून घ्यावेत. पण माझा मुद्दा दरांच्या मागच्या विचाराचा आहे. व्हिएन्नातल्या ज्या ज्या गोष्टींनी माझी वही हलकी केली, त्या कुठल्याच पर्यटकासाठी स्वस्त ठेवलेल्या नव्हत्या. शहराने त्या आपल्या माणसांसाठी राखल्या आहेत. आपण तिथे गेलो की आपल्यालाही त्या मिळतात, इतकंच.

पाण्याचंच बघा. सह्याद्रीत भटकणाऱ्याला भरलेल्या बाटलीची किंमत ठाऊक असते. श्वार्झेनबर्गप्लात्झ चौकात एक प्रचंड कारंजं आहे. ते उभारलं १८७३ साली, शहरात आल्प्सचं पाणी आलं म्हणून. त्याआधी विहिरींच्या आणि नदीच्या पाण्यातून कॉलरा आणि विषमज्वर पसरत असे. एदुआर्द झ्यूस या भूशास्त्रज्ञाने डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणायचा आग्रह धरला आणि तो तडीस नेला. दुसरी जलवाहिनी १९१० मध्ये आली. आजही हे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारावरून वाहत शहरात पोचतं. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, होस्टेलच्या मोरीतल्या नळालाही तेच पाणी, दात शिवशिवतील इतकं गार. उन्हाळ्यात रस्त्यावर फवारे लावतात तेही याच पाण्याचे. पाण्याची बाटली मी व्हिएन्नात एकदाही विकत घेतली नाही. कॅफेत एक मेलांज मागवली, तरी ट्रेमध्ये पाण्याचा पेला येतोच. कॉफीला साडेपाच युरो, म्हणजे पाचशे रुपये. आधी जीव कळवळतो. पण त्या पाचशेत संगमरवरी टेबल, वर्तमानपत्रं, बाहेर पाऊस पडत असताना ऊब आणि दोन तास कुणाचीही भुवई न चढणं, एवढं सगळं येतं. मी त्या टेबलावर पुढच्या तीन दिवसांची आखणी केली आणि आईला मोठं पत्र लिहिलं. पेला दोनदा न मागता भरला गेला.

जेवणात व्हिएन्ना मार देते, पण रेस्टॉरंटमध्ये बसलात तर. दुपारचा ‘मेनू’, म्हणजे सूप आणि एक मुख्य पदार्थ, अकरा-बारा युरोंना मिळतो आणि पोट भरतं. त्याहून स्वस्त हवं असेल तर सुपरमार्केटच्या आतला काउंटर. तिथे काचेमागे चीजच्या आणि मांसाच्या मोठमोठ्या वड्या मांडलेल्या असतात. आपण झेमल म्हणायचं, हा वरून पाच पाकळ्या पाडलेला गोल पाव, आणि चीजकडे बोट दाखवायचं. बाई पाव मधोमध कापते, चीज यंत्रावर धरून पातळ काप पाडते, वजन करते, सांगितलं तर आंबट काकडीच्या चकत्या घालते आणि कागदात गुंडाळून वर किमतीची चिकटपट्टी लावते. साधारण तीन युरो. कामावरचे गवंडी, शाळेची मुलं, टाय लावलेले साहेब सगळे याच रांगेत. हे मी रोज दुपारी खाल्लं आणि रोज वेगळ्या बाकावर बसून खाल्लं : एकदा शोनब्रुनच्या बागेत, जी फुकट आहे (राजवाड्यात शिरायचे पैसे पडतात), एकदा मध्यवर्ती दफनभूमीत बेथोवेन आणि शूबर्टच्या थडग्यांपासून जवळ, तिथेही तिकीट नाही. एक मात्र ध्यानात ठेवायचं. रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी असतात आणि तिथे सगळं शहर लोटतं. शनिवारी संध्याकाळी खरेदी उरकली नाही तर रविवारचं जेवण महागात जातं.

आणि व्होटिव्ह चर्चच्या जवळ, विद्यापीठाच्या अंगाला, ‘वीनर दीवान’ आहे. २००५ पासून चाललेली पाकिस्तानी खानावळ. डाळ, भाज्या, भात आपल्या हाताने घ्यायचं, हवं तितक्या वेळा घ्यायचं, आणि जाताना आपल्याला योग्य वाटतील तेवढे पैसे द्यायचे. पेयांचे भाव लावलेले असतात, जेवणाचा नाही. गल्ल्यावरचा मुलगा आकड्याकडे बघतच नाही. माझ्या शेजारी बसलेली विद्यार्थिनी पाच युरो देऊन गेली, तिच्यामागच्या वयस्कर गृहस्थांनी वीसची नोट ठेवली. मी नऊ दिले. कित्येक दिवसांनी डाळ-भात हाताने कालवून खायला मिळाला आणि कुणी वळून पाहिलं नाही, याचं मोल त्या नऊमध्ये धरलेलं नाही.

व्हिएन्नात सर्वांत जास्त काही मिळालं असेल तर ते ऑपेरात, उभं राहून. राष्ट्रीय ऑपेराची इमारत १८६९ मधली. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, १९५५ मध्ये पुन्हा उघडली. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंहून जास्त मोजावे लागतात. पण उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी जागा राखलेल्या आहेत आणि त्यांची तिकिटं त्या त्या दिवशी विकतात. मला वरच्या गॅलरीतलं पंधरा युरोंच्या आसपास पडलं. आत गेल्यावर लोक आपला रुमाल किंवा मफलर कठड्याला बांधतात. बांधला की ती जागा तुमची. मग खाली जाऊन पाणी पिऊन या, कुणी हलवत नाही. मी ओढणी बांधली. शेजारच्या आजी म्हणाल्या, गाठ घट्ट मारा, रेशीम सुटतं. त्या कॉलेजात असल्यापासून इथेच उभ्या राहतात. पाय दुखत नाहीत का, विचारलं. म्हणाल्या, दुखतात, पण तिसऱ्या अंकापासून.

त्या रात्री पुच्चिनीचा ‘ला बोएम’ होता. फ्रांको झेफिरेल्लीने उभी केलेली ही मांडणी तिथे १९६३ पासून चालू आहे. पॅरिसच्या माळ्यावर राहणारे चार कफल्लक कलावंत. थंडी इतकी की कवी ऊब मिळावी म्हणून स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखित शेगडीत घालतो. दुसऱ्या अंकात कॅफेत बसून पोटभर खातात, आणि बिल एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या नावावर टाकून निघून जातात. समोरच्या छोट्या पडद्यावर शब्दांचा अनुवाद उमटत होता. कॅफेच्या प्रसंगी पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर अख्खा रस्ता दोन मजल्यांत उभा असतो, त्यात शेकडो माणसं. आमच्या रांगेत कुणी कोट काढून पायाशी ठेवलेला, कुणी झेमल खाऊन आलेला. नायिका मिमी मरते तेव्हा ही सगळी रांग रडत होती, मीही. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या नाटकालाही आता बरेच पैसे पडतात. जगातल्या नामवंत वाद्यवृंदांपैकी एक चौदाशे रुपयांत संध्याकाळभर ऐकायला मिळणं, याला महाग शहर म्हणायची माझी तयारी नाही.

पार्लमेंटचंही तसंच. व्हिएन्नाची संसद दुरुस्तीनंतर २०२३ च्या जानेवारीत उघडली. आधी नाव नोंदवलं की मार्गदर्शकासह फुकट फिरवतात, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. कार्लप्लात्झवरचं व्हिएन्ना संग्रहालय डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने उघडलं तेव्हापासून त्याचं कायमचं दालन विनातिकीट आहे. यू-४ मेट्रोने हायलिगनश्टाटला उतरलं की समोर कार्ल-मार्क्स-होफ : १९२७ ते १९३० दरम्यान नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली, एक किलोमीटरहून लांब पसरलेली वसाहत. मोठ्या कमानी, आत बागा, धुलाईघरं, बालवाड्या. तिथे अजूनही लोक परवडणाऱ्या भाड्यात राहतात. व्हिएन्नातली जवळपास निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. हे मी सांगते कारण होस्टेलच्या पलंगाचे २९ युरो आणि झेमलचे तीन युरो याच शहरात शेजारी शेजारी कसे नांदतात, ते तिथे फिरल्यावर मला उमगलं.

बुडापेस्टची गाडी हाउप्टबानहोफहून, म्हणजे मुख्य स्टेशनावरून सुटते. आधी काढलं तर तिकीट पंधरा-वीस युरोंत बसतं. माझ्या शेजारी वाटेतल्या ग्योरला उतरणारी मुलगी होती, व्हिएन्नातल्या एका हॉटेलात काम करणारी. आठवडाभर मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, सुट्टीला घरी जाते. पगार युरोत, घरचा खर्च फोरिंटमध्ये. २०११ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियाने हंगेरियन कामगारांवरचे निर्बंध उठवले, तेव्हापासून सीमेजवळच्या हंगेरियन गावांतून कितीतरी माणसं अशी ये-जा करतात. ऑस्ट्रियातला सरासरी पगार हंगेरीच्या तिपटीच्या घरात आहे. मी तिला म्हटलं, बुडापेस्टला स्वस्ताई आहे म्हणून सगळे जातात. ती म्हणाली, “तुमच्यासाठी आहे ना. माझी आई दुकानात शांपूची बाटली उचलते, भाव बघते आणि मला फोन करते, व्हिएन्नाहून घेऊन ये.”

हे मी नंतर स्वतः पडताळलं. दोन्ही शहरांत सुपरमार्केटच्या साखळ्या बऱ्याचशा त्याच आहेत. टूथपेस्ट, शांपू, चॉकलेट यांचे भाव बुडापेस्टला सारखे, काहींचे जास्तच. हंगेरीतला मूल्यवर्धित कर २७ टक्के आहे, युरोपीय संघात सर्वांत चढा. २०२३ च्या जानेवारीत तिथली महागाई २५ टक्क्यांच्या वर गेली होती आणि खाण्याच्या जिनसा त्याहून भडकल्या होत्या. त्या भावांच्या खुणा अजून उतरलेल्या नाहीत. होस्टेलच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी मी दोन्हीकडे केली (डाळ घरून नेलेली); तांदूळ, कांदे, दही मिळून खर्चात दहा-वीस रुपयांचाच फरक पडला.

बुडापेस्टला खरंच स्वस्त आणि चांगलं खायचं असेल तर दुपारी एत्केझ्दे गाठावी. ही तिथली खानावळ : चार-सहा टेबलं, प्लास्टिकचं मेणकापड, फळ्यावर खडूने लिहिलेले दिवसाचे पदार्थ, आणि तीन वाजले की कुलूप. तिथे फोझेलेक मिळतं. भाजी शिजवून तिला तेलात परतलेलं पीठ लावून दाटसर करतात. आपल्या पळीवाढ पातळ भाजीसारखं, फक्त पोळीऐवजी पाव. मसूर, पालक, बटाटा, वाटाणा, रोज वेगळं. माझ्या पहिल्या दिवशी किसलेल्या भोपळ्याचं होतं. काउंटरमागच्या काकूंनी डाव घातला आणि वाफ वर आली तसा वास आला शेपूचा. शेपू! आमच्या घरात ज्या भाजीवरून दोन तट आहेत, ती हंगेरीत आंबट सायीत मुरून समोर आली होती. काकूंनी वरून तळलेलं अंडं ठेवलं, त्याचे पैसे वेगळे, पावाच्या तुकड्याचेही वेगळे. सगळं मिळून २,२०० फोरिंट, पाचशे रुपये. आजूबाजूला पोस्टातले, बांधकामावरचे लोक जेवत होते. पंधरा मिनिटांत ताट रिकामं, खुर्ची पुढच्याला.

हेच पाचशे रुपये पर्यटकांच्या गल्लीत कुठेच पुरत नाहीत. मोठ्या बाजारपेठेच्या (इमारत १८९७ ची, बघण्यासारखीच) वरच्या मजल्यावरचं लांगोश, म्हणजे तळलेल्या पिठाच्या पुरीवर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज, सहज तीन-साडेतीन हजार फोरिंटवर जातं. लेहेल बाजारात, जिथे गावातली माणसं भाजी घेतात, तेच बरंच खाली येतं. रेस्टॉरंटच्या बिलात बारा ते पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात ते छापतात. ते दिल्यावर वर टीप द्यायची गरज नाही. एटीएम ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतं, तिथे नाही म्हणून फोरिंटच निवडायचे, नाहीतर दर पुरता अंगावर येतो. आणि गोड हवं असेल तर किराणा दुकानाच्या फ्रीजमधलं तुरो रुदी घ्यावं : चॉकलेटच्या पातळ कवचात चक्क्यासारखं गोडसर पनीर, हंगेरीत १९६८ पासून मिळतं. पन्नास-साठ रुपयांत.

दुहेरी भावाचा चटका संसदेत बसतो. नदीवरची ती इमारत रात्री दिव्यांत बघणं फुकट आहे आणि २ नंबरच्या ट्राममधून ती दोनदा-तीनदा बघावीच. आत जायचं तर युरोपीय संघाच्या नागरिकाला जो दर, त्याच्या दुप्पट आपल्याला. दहा हजार फोरिंटच्या वर. माझ्यापुढे उभ्या असलेल्या जर्मन जोडप्यातल्या दोघांना मिळून जेवढे पडले, साधारण तेवढे मला एकटीला. व्हिएन्नात त्याच साम्राज्याची दुसरी संसद फुकट बघून आल्यावर मला ते पटलं नाही, आणि मी पैसे दिले नाहीत.

ते पैसे मी लुकाचला दिले. बुडापेस्टच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांवर बांधलेली स्नानगृहं ही या शहराची खरी श्रीमंती. चित्रांत दिसतं ते पिवळं, प्रशस्त सेचेनी १९१३ मधलं. तिथला दर दहा हजार फोरिंटच्या वर गेला आहे आणि आत पाहुणेच पाहुणे. बुडाच्या बाजूचं लुकाच साधारण निम्म्यात. अंगणात चिनाराची मोठी झाडं, भिंतीवर संगमरवरी पाट्या : इथल्या पाण्याने संधिवात बरा झालेल्यांनी कृतज्ञतेने लावलेल्या, वेगवेगळ्या भाषांत. हंगेरीत डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली तर असे स्नानोपचार सरकारी आरोग्य विम्यातून सवलतीत मिळतात. माझ्या शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या दोन आज्या चिठ्ठीवरच आल्या होत्या. लॉकरची चावी मनगटाला कशी बांधायची ते त्यांनी खुणांनी दाखवलं. व्हिएन्नाने आपल्या माणसांसाठी पाणी आणि ट्राम राखली, बुडापेस्टने हे कढत कुंड. जिथे गावातली माणसं रांगेत दिसली तिथे माझे पैसे दोन्ही शहरांत सार्थकी लागले.

पलंगाकडे पुन्हा यायला हवं, कारण त्या साडेतेराशे रुपयांतही एक गुंता आहे. मी राहिले तो सातवा जिल्हा जुना ज्यूंचा मोहल्ला. पडक्या वाड्यांत बार काढायची टूम इथेच २००० नंतर सुरू झाली. आता एकेका इमारतीत कुणाची राहती घरं कमी आणि पाहुण्यांसाठी चावीची खोकी जास्त. शेजारच्या सहाव्या जिल्ह्याने, तेरेझवारोशने, सप्टेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन पर्यटकांना घरं अल्प मुदतीने भाड्याने देण्यावर बंदीचा कौल दिला. ती २०२६ च्या जानेवारीपासून लागू झाली. व्हिएन्नाने २०२४ च्या जुलैपासून परवान्याशिवाय वर्षात ९० दिवसांहून जास्त अशी घरं देता येणार नाहीत असा नियम केला. होस्टेलं यातून वगळली जातात, तेव्हा सॅकवाल्यांनी होस्टेलातच उतरावं असं मला वाटतं. पैशांच्या दृष्टीने तेच बरं आणि ज्यांच्या गावी आपण जातो त्यांच्या दृष्टीनेही.

वहीतली बेरीज सांगते. व्हिएन्नात पलंग २७००, प्रवास सव्वापाचशे, खाणं तेराशेच्या आसपास. ऑपेरा धरला तर त्या दिवशी एकूण ५९००. बुडापेस्टला पलंग १३५०, प्रवास ४२०, खाणं बाराशे; लुकाच धरलं तर ४२५० च्या आगेमागे. फरक सोळा-सतराशेचा, आणि त्यातले साडेतेराशे निव्वळ पलंगाचे.

म्हणून मी आता विचारणाऱ्याला असं सांगते. उतरताना व्हिएन्नाला उतरा, शक्यतो सोमवारी सकाळी, आणि स्टेशनवरच आठवड्याचा पास घ्या, ताजा दर आणि नियम विचारून. शुक्रवारपर्यंत तिथे राहा. म्हणजे रविवारची बंद दुकानंही टळतील. शनिवारी पलंग बुडापेस्टला महाग असतो, तेव्हा तो एक दिवस ग्योरला उतरा. जुनं गाव सुंदर आहे आणि गाडी तिथे थांबतेच. रविवारी दुपारी बुडापेस्ट. सोमवारी दुपारी बारा ते तीनच्या मधे एत्केझ्दे शोधा, फळ्यावर जे लिहिलं असेल ते मागवा, आणि पावाचे सुटे पैसे हाताशी ठेवा.